फिल्मचं कापलेलं टोक

लोहारा, मंगळवार

डार्करूममधल्या टाकीतून फिल्म बाहेर ओढली, तर ती काचेसारखी कोरी. बेंबळीच्या अप्पांनी मेलेल्या बायकोचे एवढेच फोटो म्हणून हा रोल जपला होता. माझी डेव्हलपरची, म्हणजे फिल्म धुवायच्या औषधाची, बाटली वर्षापूर्वी उघडलेली, चहाच्या रंगाची झालेली. फिल्मचं कापलेलं टोक आधी त्यात बुडवून बघतात. काळं झालं तरच डेव्हलपर चांगला. एवढं का केलं नाही? आळस.

अप्पा बाहेर बसले होते. मी म्हणालो, "अप्पा, रोल पत्र्याखाली ठेवलात. उन्हानं गेला."

"म्हंजे म्याच घालवली व्हय तिला?"

"व्हय."

जाताना त्यांनी मलाच हात जोडले. त्यांच्या रोलचं कापलेलं टोक अजून टेबलावर पडलंय.

बुधवार. सकाळी नवा डेव्हलपर कालवून टोक त्यात टाकलं. मिनिटभरात काळंभोर झालं.