‘मी चालू आहो’ची चिठ्ठी

४ मे, रविवार

सगळ्यात पहिले ललिता आली. पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर अन् तोंड सुरू — "काहो बाई, नातीची मशीन आज बी झोपली का?" मागून आणखी दोघी. म्या चहा टाकला. चहापुरतं पाणी होतं म्हणून बरं!

माह्या नातीनं, दीप्तीनं, वार्डाच्या टाकीजवळ एक डबा बसवला. कम्प्युटरच होये म्हणे. टाकी रिकामी झाली का मोटर आपोआप सुरू, भरली का बंद. त्याच्यापायी पोट्टी हिवाळ्यापासून घरी हाय. मले किती आनंद! पण लाईट जाऊन आली का डबा मुका. वार्डाचे अध्यक्ष भैयालाल म्हणे, "अब की बार हुआ ना बेटी, तो डब्बा निकाल देंगे." डबा निघाला तं पोट्टी इथं कशाले राहीन? म्या ताट तसंच झाकून ठेवलं.

५ मे

गोंदियाहून तिचे सोबती आले, लोकेश अन् संध्या. दिवसभर एका चिठ्ठीवरून भांडण! मले समजलं ते असं — डब्यातला प्रोग्राम सुरू झाला का "मी चालू आहो" अशी चिठ्ठी ठेवते, म्हणजे दुसरा घुसू नाही. आमच्या न्हाणीले दार नाही, भिंतीवर लुगडं दिसलं का समजावं, आत बाई हाय. तसंच. पण दीप्तीनं चिठ्ठी पक्क्या जागेत ठेवलती. लाईट गेली, प्रोग्राम मेला, चिठ्ठी तशीच! लाईट आल्यावर नवा येते, चिठ्ठी पाह्यते, बाहेरच उभा. आत कोणीच नाही अन् टाकी कोरडी.

लोकेश म्हणे, "टेम्पमध्ये टाक. डब्यातली सगळ्या प्रोग्रामायची जागा हाय, लाईट गेली का साफ." टाकली. भात थंडा झाला, कोणी जेवलं नाही. मी कोणासाठी रांधलं?

९ मे

लाईट दोनदा गेली. पाणी आलं. ललिता गुंड भरून घरी गेली.

१७ मे, शनिवार

आज लाईट गेलीच नाही, तरी मोटर चालू-बंद, चालू-बंद! टाकी वाहून रस्त्यावर चिखल. त्या सगळ्यांच्या जागेत म्हणे आपोआप झाडू लागते — बरेच दिवस हात न लागलेलं फेकल्या जाते. चिठ्ठी गेली. डब्यात राखणीवर बी एक प्रोग्राम हाय, त्याले वाटलं आत कोणी नाही, त्यानं दुसरा घुसवला. एका न्हाणीत दोन बाया, एक मोटर चालू करते, दुसरी बंद!

म्या म्हटलं, "पेटीत ठेव, कुलूप लाव." दीप्ती माह्यावरच चिडली — "आजी, पक्क्या जागेनंच तं पहिले मार खाल्ला!" मंग तीच रडली. भैयालाल उद्या डबा काढायले माणूस आणून राह्यले.

१८ मे

संध्या आल्या आल्याच ओरडली, "अरे, ‘रन’ नावाची जागा कशाले हाय मंग? चालू कामाच्या चिठ्ठ्या तिथंच. आपली खोली वेगळी, चालू असताना कोणी झाडत नाही, लाईट गेली का सारं पुसल्या जाते."

लोकेश — "तेच तं मी म्हणून राह्यलो होतो!"

"झूठा कहीं का!" संध्या म्हणे.

भैयालाल माणूस घेऊन आले तं दीप्तीनं त्यायले खुर्ची देली अन् त्यायच्यासमोर बटण बंद केलं, चालू केलं. परत. परत. दर बारीले मोटर उठली. "चलो, रहने दो," म्हणे. माणूस चहा पिऊन गेला.

३१ मे

वादळ. लाईट दिवसभर ये-जा. पाणी बरोबर! ललितानं आंबे आणले. बायायले सांगून राह्यलती, "आपल्या दीप्तीचा डबा." आपल्या! मी हसून हसून थकली.

२ जून, सोमवार

लोकेश, संध्या पेढे घेऊन आले. हैदराबादची नोकरी दीप्तीनं डब्यासाठी थांबवून धरलती — मले आज सांगितलं. "डबा आपलाआपण चालते आता, आजी. माही गरज नाही इथं." पेढा तोंडातच राह्यला. तिले हैदराबादच्या गाडीत बसवून द्याले दोघं गुरुवारी येतो म्हणाले.