शेगडी जळली नव्हती

बाई, परवा तुमच्या घरातली शेगडी पुन्हा बंद पडली आणि फोन माझ्याकडे आला. माझ्यासमोरच्या पडद्यावर आधी गाव आलं, इस्लामपूर, मग तुमची गल्ली, मग खूण म्हणून पिठाची गिरणी, आणि माझा हात माऊसवर तसाच थांबला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझा राग शिळा झाला असेल असं मी धरून चालले होते. झालेला नाही. उलट तुम्ही एवढ्या लवकर मेलात, याचाच मला जास्त राग आहे. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, तेव्हा दार उघडायला तुम्ही हव्या होतात. पेढे घेऊन मी तुमच्याकडे येणार होते आणि पेढा तुमच्या हातावर ठेवताना एकच वाक्य बोलणार होते. ते वाक्य मी नववीपासून पाठ केलं होतं. माझी बारावी व्हायच्या आधीच तुम्ही गेलात, आणि ते माझ्या तोंडातच राहिलं.

मी आता साताऱ्यात असते. विजेच्या शेगड्या विकणाऱ्या एका कंपनीच्या सेवा केंद्रात फोनवर बसते. तुमच्याकडे होती तशीच शेगडी: वर काळी गुळगुळीत काच, काचेखाली चार चुली, त्याखाली ओव्हन, आणि बटणांच्या जागी बोट टेकवायच्या खुणा. लोक हौसेनं घेतात आणि जरा काही झालं की घाबरतात. बहुतेक वेळा शेगडीला काहीही झालेलं नसतं. कवठे महांकाळकडच्या एक आजी फोन करतात, "आवं ताई, पानी सुदिक तापंना की!" मी विचारते, शेतातले पंप चालू आहेत का? असतात. पंप बंद झाले की विजेचा दाब वाढतो आणि आजींचा चहा होतो. इथले एक निवृत्त सुभेदार तर फोनवर हजेरीच देतात. "मॅडम, मेन स्विच चेक. एमसीबी ओके. पण जळका वास येतोय, दुश्मन कुठं लपलाय कळंना." मी विचारलं, काचेवरचं प्लास्टिक काढलंय का? पलीकडचा खणखणीत आवाज खाली आला. मग हळूच, "मिसेस म्हणल्या, काढलं तर काच खराब होईल." मी हसले नाही. हात कोरडे करा, मेन बंद करा, प्लास्टिक सोला, असं एकेक करून सांगितलं. तुमच्या हातून बिघडली, असं मी आजवर कुणालाही म्हटलेलं नाही. तक्रार बंद करताना आम्हाला कारण निवडावं लागतं आणि त्यात एक कारण 'चुकीची हाताळणी' असं आहे. ते निवडलं की दुरुस्तीचा खर्च घरावर पडतो, आणि घरात तो ठपका नेमका कुणावर पडतो, हे मला नववीत असताना कळलं.

नववीत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवत होतात आणि माझी आई तुमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होती. शाळा सुटली की मी तुमच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून अभ्यास करते, आईचं आवरलं की आम्ही घरी जातो. नववी सुरू होण्याआधीच्या गुढीपाडव्याला तुमचा मुलगा पुण्याहून शेगडी घेऊन येतो. वायरमन तिच्यासाठी बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढतो. तुम्ही काचेवर हळदीकुंकू वाहता, नारळ मात्र बाजूला उंबऱ्यावर फोडता, काच तडकायला नको म्हणून. मग आईला सांगता, "ओटा आणि शेगडी ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय माझ्या घरात काही शिजत नाही. गॅस पुसत होतीस, तशीच ही."

आईनं विचारलं होतं, बाई. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. ती म्हणाली, "करंटचं हाय न्हवं, पानी चालंल का?"

तुम्ही हसलात. "सायन्स मी शिकवते की तू?"

तेव्हापासून आई रोज सकाळ-संध्याकाळ त्या काचेवर ओलं फडकं दाबून दाबून फिरवायची. अर्धवट काम तिला जमतच नाही. डाग दिसला की फडकं तिथेच धरून ठेवायची, तो सुटेपर्यंत.

श्रावणात तुम्ही शाळेतल्या सगळ्या बाईंना फराळाला बोलावलं. त्या बाहेर येऊन बसल्या होत्या. आईनं ओटा पुसला, कढई ठेवली, खुणेवर बोट टेकवलं, आणि काहीच झालं नाही. दुसरी चूल, तिसरी चूल, सगळ्या थंड. तुम्ही आलात, घाईघाईनं चार ठिकाणी बोटं टेकवलीत. मागून त्या चौघी-पाच जणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि मग आईकडे वळून म्हणालात, "जळली. जाळलीस तू."

"बाई, म्या नुसतं पुसलं वो. तुमी सांगितलं तसंच."

"उलट बोलू नकोस."

मी पायरीवरून उठले. काचेच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा लागलेला मला तिथूनही दिसत होता. दिवा लागला म्हणजे वीज वाहते आहे, हे तुम्हीच महिन्यापूर्वी वर्गात शिकवलं होतं, माझ्याच हातात दोन वायरी देऊन. मी म्हणाले, "बाई, कोपऱ्यात दिवा लागलाय. शेगडी जळली नाही."

तुम्ही दिव्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "वायरीतलं तुमच्या घरात कधी कुणाला कळलंय? बस खाली." आणि मी बसले.

दुसऱ्या दिवसापासून आईला यायला मनाई झाली. इतक्यावर तुमचं भागलं नाही. गल्लीत, शाळेत, हळदीकुंकवाला, सगळीकडे तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. मग कुणी आपल्या मिक्सरपर्यंतसुद्धा तिला येऊ दिलं नाही. आई एसटी स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी थापायला लागली. तिथे धूर होता, मालकाच्या शिव्या होत्या, पण विजेचं काही नव्हतं, म्हणून तिला तिथे बरं वाटायचं. तेव्हापासून घरातला पंखा जरी बंद पडला तरी ती दोन पावलं मागे सरते आणि हात छातीशी घेऊन म्हणते, "म्या हात लावला न्हाई." आता साताऱ्यात ती माझ्याजवळ राहते. ऑफिसातून सवलतीत मिळालेली एक छोटी शेगडी मी खोलीत ठेवली आहे. मी कामावर गेले की आई दुपारचा चहा पीत नाही.

हे एवढंच असतं तर मी कधीतरी म्हणाले असते की तुमची चूक झाली, माणसाची होते. पण दिवाळीच्या सुट्टीत वर्गाच्या वह्या द्यायला मी तुमच्याकडे आले होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्याच शेगडीवर दूध वर येत होतं. आतून तुमच्या मुलाचा आवाज आला, "आई, ती कुलपाची खूण लक्षात ठेव गं. ओल्या फडक्यानं दाबली जाते आणि सगळं लॉक होतं. बिघडत नाही काही." तुम्ही दारात मला बघितलंत. मी दूध बघितलंय हे तुम्हाला कळलं आणि तुम्हाला कळलंय हे मला. तुम्ही आत गेलात आणि एक पिवळ्या मुठीचा टेस्टर घेऊन आलात. "तुला विषयाची आवड आहे. घे, दिवाळीची भेट."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "गप ऱ्हा. धावी व्हायचीय तुजी. परीक्षेचं मार्क त्यांच्या हातात हाईत." आमचं घर तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं, बाई. तुम्ही चपला घालून आला असतात तर चहा उकळायच्या आत परत गेला असतात. तुम्ही आला नाहीत. दिवाळीत नाही, संक्रांतीला नाही, कधीच नाही.

आणि परवा तुमच्या सुनेचा फोन आला. आवाज गोड आहे तिचा. म्हणाली, "नवीनच शेगडी आहे हो, आमच्या मावशींनी बिघडवली. कालपासून बंद आहे, मिस्टरही बाहेरगावी, रात्री येतील. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय, पण संध्याकाळी पाहुणे जेवायला आहेत." मला सगळं दिसत होतं. तोच ओटा, तेच ओलं फडकं. खरं सांगते, 'चुकीची हाताळणी' या शब्दांवर माझ्या माऊसचा बाण जाऊन थांबला होता. एक टिचकी मारली असती तर तुमच्या घराला चांगला भुर्दंड बसला असता. तेवढ्यात फोनमध्ये मागून आवाज आला, "वैनी, म्या नुसतं पुसलं वो." तो ठपका कुणाच्या डोक्यावर जाईल ते मला कळलं आणि मी बाण तिथून काढला. पण सोडून दिलं असं समजू नका. माझ्या हातात जेवढा सूड होता तेवढा मी नीट, सावकाश घेतला.

मी म्हणाले, "ताई, फोन स्पीकरवर ठेवा आणि मावशींना ओट्याजवळ बोलवा."

"त्या कशाला?"

"लागतात." लागत नव्हत्या. "आता हात कोरडे करा. कोरडं कापड घ्या आणि काच पुसा. मावशी नकोत, तुम्ही पुसा."

सून पुसत होती, मला काचेवरची करकर ऐकू येत होती. मी विचारलं, कोपऱ्यात काही दिसतंय का?

"एक छोटा लाल दिवा आहे. कुलपासारखा."

"मावशी, तुम्हाला दिसतोय?"

"व्हय की! कालपासनं सांगतीया दिवा हाय म्हनून. पर हितं ऐकतंय कोन?"

"मावशी, त्या कुलपावर बोट ठेवा."

"नगं बया. मला नगं लावू त्यात."

"ठेवा, मी आहे ना. आणि मी सांगेपर्यंत उचलायचं नाही." मी मनात तीनपर्यंत आकडे मोजले. पलीकडे शिट्टीसारखा बारीक आवाज झाला. "आता कुठलीही चूल लावा."

"आगं आय्या! लागली की वो वैनी, लालबुंद झाली!"

मग मी सुनेला म्हणाले, "शेगडी बिघडली नव्हती, हे मावशींना तुमच्या तोंडानं सांगा. ते ऐकल्याशिवाय मला तक्रार बंद करता येत नाही." असा काही नियम नाही, बाई. मी तो तिथल्या तिथे केला. ती आधी नुसतं "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, बिघडली नव्हती हो. उद्या या तुम्ही."

"उद्याचं उद्या," मावशी म्हणाल्या, "आज पाव्हन्यांस्नी काय काच खायला घालताय?"

सून हसली आणि मोकळी होऊन बोलायला लागली. ओल्या फडक्यानं पुसायची शिस्त सासूबाईंची, म्हणाली. त्यांच्या वेळची शेगडी तर एका कामवालीनं जाळलीच होती म्हणे. म्हणजे तुम्ही त्याच शेगडीवर दूध तापवत होतात, चहा करत होतात, सून आली तिला घरातल्या रीती शिकवत होतात, आणि ती गोष्ट मात्र मरेपर्यंत तशीच सांगत होतात. मी विचारलं, "तुमचं लग्न झालं तेव्हा घरात कोणती शेगडी होती?"

"तीच. आत्ता-आत्तापर्यंत वापरली की आम्ही."

"मग जळलेल्या शेगडीवर इतकी वर्षं स्वयंपाक कसा झाला?"

 ती आवाज बदलून म्हणाली, "तुम्ही कोण बोलताय?"

"जिनं जाळली म्हणतात तिची मुलगी. शेगडी जळली नव्हती. कुलूप कुणी काढलं ते रात्री जेवताना तुमच्या मिस्टरांना विचारा." आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. होऊ देत. पाठ केलेलं वाक्य शेवटी तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच ओट्यावर, स्पीकरवरून मोठ्यानं वाजलं. तुम्ही तेवढ्या नव्हतात.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई कामावर ऱ्हायली न्हवं?" राहिली म्हटलं. "मंग झालं." मला वाटलं ती आणखी काही बोलेल, रडेल. ती लसूण सोलत राहिली. बऱ्याच वेळानं उठली, पदराला हात पुसले, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि माझ्या छोट्या शेगडीसमोर जाऊन उभी राहिली. "किती येळ दाबायचं म्हनलीस?"

चहा तिनं केला. तो तुमच्या खात्यात जमा नाही. त्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही. पत्ता मला पाठ आहे, पण पाकीट तुमच्या सुनेच्या हातात पडेल आणि तिच्याशी माझं बोलून झालं आहे. पाकिटात तो पिवळ्या मुठीचा टेस्टर घालून परत करायचा, असंही मनात होतं. तो टेबलाच्या खणात आहे. पण एक गोष्ट राहते. फोनवर त्या मावशी "लागली!" म्हणून ओरडल्या ना, तेव्हा पहिल्या क्षणी मला आई आठवली नाही, तुमचा अपमानही आठवला नाही. मला तुमच्या वर्गातला तो टॉर्चचा बल्ब आठवला, माझ्या हातातल्या दोन वायरी टेकल्यावर लागलेला, आणि तेव्हा झाला होता तसाच, अगदी तेवढाच आनंद झाला. टेस्टर परत करता येईल, बाई. हे कसं परत करतात ते मला माहीत नाही.