विरजण

गोत्री, बडोदे

प्रिय उत्कर्ष,

तू कोल्हापूरला गेल्यापासून तुझा फोन नाही की माझा नाही, तेव्हा हे पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बापू निवृत्त झाले, तरी जीव कोयलीच्या रिफायनरीतच अडकलाय. तिथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करण्यात त्यांची हयात गेली, म्हणून साखर खाऊन हायड्रोजन सोडणाऱ्या आपल्या जिवाणूंना ते अजून हसतात. तुम्ही जन्मभर कराल तेवढा वायू आम्ही चहा पिता पिता करायचो, म्हणतात. पण मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, आज बुडबुडे आले का?

डभोईच्या गोबरगॅसच्या खड्ड्यातला गाळ आपण एसटीतून आणला होता. आमां शुं छे, बेन, यात आहे काय, म्हणून कंडक्टर सारखा विचारत होता आणि तू बेधडक सांगितलंस, केरीनुं अथाणुं, कैरीचं लोणचं. मग तो गाळ आपण उकळला. हायड्रोजन खाणारे जिवाणू मेले, करणारे कवचात दडून तगले. त्यांना उसाची मळी पाजली आणि एका दुपारी नळीतून वायू आला. आपल्या अंगाला खवट तुपाचा वास येत होता, तरी तसेच सेवउसळ खायला गेलो. शेजारच्या बाकावरची माणसं उठून गेली. मी त्या दिवशी फार सुखात होते.

पुढे तुला साखर कारखान्यांच्या मुलखात जायचं होतं, मला बापूंना सोडवत नव्हतं. जाताना तू त्या जिवाणूंची अर्धी बाटली नेलीस. तू गेलास यापेक्षा मला बाटलीचाच राग जास्त आला, असं मी सगळ्यांना सांगत असे.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात माझ्या टाकीत परके जिवाणू शिरले आणि आपले संपले. जपून ठेवलेल्या कुप्यांतही तीच घाण निघाली. डभोईचा नवा गाळ उकळून पाहिला, पण त्याला ती धार नाही. पुढच्या महिन्यात मोठी टाकी चालवून, तिच्यातल्या हायड्रोजनवर पैसे देणाऱ्यांना दिवे लावून दाखवायचे आहेत. नाही जमलं तर हे काम बंद होईल. बापूंना सांगायचा धीर होत नाही. बुडबुडे आले, असंच सांगते. विरजण संपलं तर शेजारी वाटी घेऊन जायला आपल्यात कुणी लाजत नाही, मी मात्र तीन महिने लाजले. तुझ्या अर्ध्या बाटलीतलं थोडं दे. ते कुरियरनेही नीट पोचेल, हे मला ठाऊक आहे. तरी तू घेऊन ये.

अजून तुझीच,
निरुपमा