कोपरा फाटलेली कार्डं

४ ऑक्टोबर १९५६
फ्रीगंजात खोली मिळाली, टावर चौकापासून दीडशे पावलांवर. उजेड भरपूर, नळ आतच. विजया देवासला माहेरी आहे, टायफॉइडमधून नुकती उठली. दिवाळीच्या आत तिला आणायचं म्हणून भिंतींना चुना स्वतः लावला. इतका सारखा हात इथल्या कुठल्या रंगाऱ्याचा नसेल.
दैनिकाच्या रेकॉर्डवर रुजू झालो. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं आपलं आपण शिकलो, हे मालक भय्यासाहेबांना आधीच सांगून टाकलं. दफ्तराच्या तीन खोल्या: एकीत जुने अंक, दुसरीत कात्रणं, तिसरीत आलेली पत्रं. महिनाअखेर मध्य भारत संपून नवं राज्य होणार, त्यामुळे सरकारी पत्रकांचा नुसता पूर. कुठल्या खोलीत किती जागा उरली, ते रोज फूटपट्टीनं मोजून पाटीवर लिहायचं ठरवलं.

६ ऑक्टोबर
म्हातारा चपराशी गोपाळ कार्डं फाडताना सापडला. मयताची खबर देणारी, एक कोपरा फाडून पाठवलेली. बातमी छापली की तो त्यांचे तुकडे करून क्षिप्रेत सोडतो. मी बंद करवलं. तो म्हणाला, "बाबूजी, ही पढके फाड़नेकी चीज आहे. ठेवत नसतात." रिवाज मलाही ठाऊक आहे, पण तो घरचा, हे दफ्तर आहे, असं सुनावलं. जाता जाता पुटपुटला, की शाळा न पाहिलेल्यांनाच कागदाचं एवढं कौतुक.

१३ ऑक्टोबर
एकसष्ट कार्डं ठेवली होती. आज चौऱ्याण्णव. दोनदा मोजली, मी चुकत नाही. एकमेकांना चिकटलीत, फाटक्या कडा ओल्या. सोडवताना सायीसारखा पापुद्रा बोटांना येतो. नासलेल्या खळीचा वास. पत्रांनी आधीच दाटलेली तिसरी खोली भरली, जास्तीची कार्डं दुसरीत हलवली.

१९ ऑक्टोबर
दुसरीतली उरलीसुरली जागाही भरली. पट्टी ढिगात तीन इंच रुतली. बाहेर आली ती बुळबुळीत, टोकाला लांब केस. भय्यासाहेबांनी नाकाला रुमाल लावून सांगितलं, एक तारखेपर्यंत जागा करा नाहीतर दुसरीकडे बघा. गोपाळ म्हणतो, फाडा. पण मीच घातलेली शिस्त मीच मोडू? सगळी कार्डं दोन पेटाऱ्यांत भरून आपल्या खोलीवर आणली. इथं जागा आहे. गोपाळ टांग्याला आडवा झाला होता. बाजूला सारला.

२४ ऑक्टोबर
विजया सकाळच्या बसनं आली. चेहरा भरलाय. चुन्याचं कौतुक केलं. वासाचं विचारलं. उंदीर मेला असेल म्हणालो. पेटाऱ्यांवर चादर टाकली.

२६ ऑक्टोबर
तिच्या डाव्या कानाची पाळी नाही. कुडी उशीवर पडली होती. रक्त नाही. दुखत नाही म्हणते. कड ओली, तंतू निघालेली, जाड कागद फाडल्यासारखी — पेटारा उघडला. वरच्याच थरावर मांसाचा एवढासा त्रिकोण, मधे भोक.

२८ ऑक्टोबर
गोपाळला बोलावलं. आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "एकेक वाचा, मग फाडा. बिना पढ़े फाड़ोगे तो और बढ़ेंगी." सकाळपासून तेच. फाडताना आवाज होत नाही, नुसतं लिबलिबतं. नखांत पिवळं साचतं. चारशे झाली — पेटारे तेवढेच —

३० ऑक्टोबर
तळ लागला. एकच उरलं.
कोपरा फाटलेला. दोन्ही बाजूंनी कोरं.
वाचल्याशिवाय फाडायचं नाही. वाचू काय? तरी फाडून पाहिलं — चामड्यासारखं ताणलं जातं — विजयाची करंगळी गेली. मी ओढत होतो तेव्हाच —

३१ ऑक्टोबर
ती खिडकीशी बसलीय. अजून हसते. कार्डावर काहीतरी लिहिलं पाहिजे, म्हणजे वाचता येईल, फाडता — दुसऱ्या कुणाचं नाव — लिहिलं, शाई टिकत नाही, आत शोषली जाते —
हात थांबत नाहीये. ही वही आहे, कार्ड नव्हे, वहीतच लिहितोय मी —
कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमची सौ. विजया आज दुपा