पुण्याची बदली

३ जुलै
पुण्याची बदली मंजूर झाली. लग्नापासून मागत होते. एचआरची बाई फोनवर म्हणाली, कधी जॉइन करणार? मी म्हणाले, "नको मला." तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही. परत विचारलं. परत तेच. मग चेन्नईतल्या सिरुसेरीच्या त्या एसीने गारठलेल्या ऑफिसात मला घाम फुटला. नवरा तिकडे पुण्यात वाट बघतोय. निखिलला काय सांगू?

४ जुलै
नाही सांगितलं. तो : "अजून काही कळलं नाही का गं?" मी : "नाही."
कारण शोधतेय. नोकरी आवडते? छे. सकाळी कंपनीची बस चुकली तर बरं वाटतं. चेन्नई? तमिळ अजून भाजीपुरतंच. दुसरं कोणी? तेही नाही. असतं तर निदान...

७ जुलै, रवि.
अंथरुणातून उठलेच नाही. दुपारी खालच्या घरमालकीण तुळजाक्का आल्या, डबा घेऊन. तंजावरच्या मराठी, माझ्याशी हौसेने मराठीत बोलतात. "कां गे, सापाड झाला नाही?" म्हणजे जेवण. रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. वाटलं, धीर देतील. त्या चिडल्या. "मज कोणी पुसलं नाही, एकदाही. तुज पुसतात, तर तुज सांगायास येत नाही?" डबा ठेवून गेल्या. जेववलं नाही.

१३ जुलै, शनि.
निखिल न कळवता आला. म्हणाला, चल, पुण्याच्या घराला पडदे घेऊ, बदली येईलच आता. टी. नगरच्या बाजारात नेलं. दुकानदार एकेक कापड उलगडतोय. "हा की तो?" एवढंही सांगता येईना. तिथेच बोलून गेले, "बदली आली होती. मी नको म्हणाले."
त्याने उलगडलेलं कापड घडी घालून ठेवलं. मग दुकानदाराला हातानेच राहू दे अशी खूण केली.
बाहेर ही गर्दी.
"मी नकोय का तुला?"
"तसं नाही."
"मग काय पाहिजे?"
"माहीत नाही रे. खरंच."
ओरडला असता तर बरं झालं असतं. माझी पर्स खांद्यावरून घसरली होती, ती नीट केली त्याने.

१४ जुलै
दुपारच्या विमानाने गेला. इंजिनिअरिंग, ही नोकरी, लग्न, सगळ्याला हो म्हणत आले मी. कोणी जबरदस्ती केली नाही. समोर आलं, हो म्हटलं. हे पहिलं नको. पण नुसत्या नकोवर जगतात कसं? आत खरंच काही नसेल तर? दिवसभर हेच.

१८ जुलै
साहेब म्हणाले, राहतेच आहेस तर पुढचा प्रोजेक्ट तू सांभाळ. मी म्हणाले, नको. जागेवर आले, स्क्रीनवरचं काही दिसेना.

२१ जुलै
निखिलचा फोन. गेल्यापासून पहिलाच. "मी तिकडे शोधू का नोकरी? चेन्नईत?" पाठ करून आल्यासारखा बोलत होता. आनंद व्हायला हवा होता. आधी वाटलं, नको, येऊ नये. मग वाटलं, यावा, आजच यावा. दोन्ही खरं.
"बोल ना. येऊ?"
"आत्ता विचारलंस तर सवयीने हो म्हणेन. थांब जरा."
त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.