शेगडीला तेल लावल्याबद्दल खुलासा

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२२ नोव्हेंबर

ती. पुरुषोत्तमदादा यांना,

नरेंद्रचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तूर्त कागदावरच घालतो आहे, गोड मानून घ्यावा.) तुमची साखर, मालिनीवहिनींचा गुडघा आणि तुमच्या ट्रॉय गावची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी ठीक आहे. डॉक्टरांनी ब्लड प्रेशरची अर्धी गोळी पूर्ण केली, पण त्याला कारण माझं वय आहे, शेगडी नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची पद्धत आहे, आणि सध्या त्या ओट्याशी तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, उभी असते. चार दिवसांसाठी म्हणून रेखा तुमच्याकडे आली, त्याला सात आठवडे झाले. दिवाळीही तिकडेच झाली. तिने तुम्हाला सांगितलेली हकीकत खरीच असणार, पण ती बाहेर ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या माणसाची हकीकत आहे. मी आत धुरात होतो. म्हणून हा खुलासा.

मुळात शेगडी आली का, तिथून सुरुवात करतो. मार्चमधल्या वादळात आमची वीज तीन दिवस गेली होती, हे तुम्हाला आठवत असेल. वीज गेली की फर्नेस बंद, आणि फर्नेस बंद की घरात आणि फ्रीजमध्ये काही फरक उरत नाही. (दुसऱ्या दिवशी मी दूध फ्रीजमधून काढून सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवलं. चांगलं टिकलं.) चाळीस वर्षं मी पंप डिझाइन केले, तीन राज्यांतल्या शहरांना माझ्या पंपांनी पाणी पोचवलं, आणि बायकोला कपभर गरम पाणी देता येईना, कारण आमची चूलही विजेवरची. तिसऱ्या दिवशी मोबाइल गाडीत चार्ज करून रेखा तुमच्याशी बोलत होती. अंगावर दोन शाली, डोक्यावर माझी बर्फातली टोपी. ती म्हणाली, "दादा, मला आता या घरात भीती वाटते रे." मी जिन्यात होतो. मी ते ऐकलं हे तिला अजून माहीत नाही. तुम्ही मोठ्या मनाने म्हणालात की घर विका, इकडे या, खाली स्वतंत्र खोली आहे, स्वतंत्र बाथरूम आहे. त्यानंतर दर रविवारी तुम्ही आठवण करून देता, तेही मायेनेच. मला राग नाही. पण ज्या घरात आम्ही एकतीस वर्षं काढली, आसावरीला लहानाची मोठी केली, त्या घरात रेखाला भीती वाटावी, हे माझ्या मनाला फार लागलं. कोणाच्या तारेवर अवलंबून नसलेला विस्तव घरात आणायचाच, असं मी तेव्हाच ठरवलं.

इंटरनेटवर जुन्या वस्तूंचा बाजार असतो, तिथे ऑगस्टमध्ये ही लाकडावर चालणारी शेगडी दिसली. इथून जवळच पॅक्स्टन गावात एका आजीबाईंना नवऱ्याच्या मागे ती नकोशी झाली होती. अख्खी बिडाची, दाराला काच, पाय सिंहाचे, आणि खाली दोनच शब्द : फुकट, न्या. त्यातला पहिला शब्द वाचल्यावर माणूस दुसऱ्याचा नीट विचार करत नाही. वजन तीनशे ऐंशी पौंड निघालं. आसावरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, आर यू सीरियस? यू आर सिक्स्टी-नाइन." (मी अडुसष्टच आहे. डिसेंबरमध्ये होतील.) उचलायला महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर गुर्जर आले. ते निवृत्त भूलतज्ज्ञ, त्यामुळे त्यांचं मुख्य काम शेजारी उभं राहून मला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं हे होतं. शेवटी आजीबाईंचा शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला आणि शेगडीला आमच्या भाड्याच्या ट्रकमध्ये चढवून गेला. घरी आल्यावर उतरवताना माझी कंबर गेली ती गेलीच.

पुढचा महिनाभर मी गॅरेजमध्ये होतो. आतून उंदराचं घरटं निघालं, बाहेरून बोटभर गंज. तारेच्या ब्रशने घासून घासून माझा चेहरा असा तांबडा व्हायचा की रेखा मला मागच्या दारानेच आत घ्यायची. प्रत्येक बोल्ट काढून, नंबर घालून, मुरांब्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवला. (जोडणी झाल्यावर तीन बोल्ट उरले. ते जादाचे असावेत, असं त्या वेळी वाटलं.) आता तुमच्यापुढे कबुली द्यायला हवी. तुम्ही मोटारीच्या कारखान्यात, बिडाच्या ओतकामात तीस वर्षं काढलीत. तुम्हाला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत सांगितलं असतंत. पण फोन केला की तुम्ही घर विकण्याचा विषय काढणार, ही धास्ती. त्यामुळे मी आपल्या डोक्याने चाललो. बीड म्हणजे बीड. आपल्या घरात बिडाचा तवा पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला काय करतात? घासतात, पुसतात, तेलाचा हात देतात, तो काळाभोर होतो आणि जन्मभर गंजत नाही. मी रेखाचं शेंगदाणा तेल घेतलं आणि शेगडीला आतून-बाहेरून सात हात दिले. दोन बाटल्या लागल्या. रेखा दारातून म्हणाली, अहो, तव्याला तेल लावून तो तापवतात तरी, हिला नुसतंच चोपडताय, एकदा कोणाला तरी विचारा. मी म्हटलं, हे साधं रसायनशास्त्र आहे. शेगडी अशी चमकायला लागली की गुर्जरांनी तिच्यात बघून भांग पाडला.

धुराडं साफ करून त्यात स्टीलचा नवा नळ उतरवायला मी रीतसर माणूस बोलावला, ते काम चोख झालं. उरली ती टाउनच्या इन्स्पेक्टरची पास-नापासची सही. त्याची तारीख सोमवारची आणि दसरा आला गुरुवारी. दादा, तुम्हीच सांगा, साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त दारात उभा असताना सोमवारपर्यंत कोण थांबेल? शिवाय त्या दिवशी आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतोच. म्हणून गुर्जर आणि यामिनीवहिनींना संध्याकाळी जेवायला बोलावलं. रेखाने पैठणी नेसली, शेगडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पुरणाचा नैवेद्य दाखवला. आणि मी कापूर टाकून ती पेटवली.

पहिली दोन मिनिटं फार छान गेली. मग भज्यांचा वास आला. यामिनीवहिनी म्हणाल्यासुद्धा, अगं रेखा, इतकं कशाला केलंस? तोवर शेगडीच्या चारी बाजूंनी, पायांपासून माथ्यापर्यंत, निळा धूर निघायला लागला. मी दार उघडलं, तर तो आतूनही आला. सातही हात एकदम जळायला लागले होते. आमच्याकडचे धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले आहेत, एक बोंबलला की आठही बोंबलतात, आणि शिवाय ते आपणहून फायर ब्रिगेडला कळवतात. (ही सोय मीच तीन वर्षांपूर्वी हट्टाने करून घेतली होती.) सहा मिनिटांत दोन बंब. शिरस्त्राण घातलेले पाच जण दिवाणखान्यात, तेही बुटांसकट, रांगोळीवरून. त्यांचा कॅप्टन फार सभ्य माणूस. त्याने हुंगलं आणि मला हळूच विचारलं, "सर, आर यू फ्राइंग अ टर्की?" मला कळेना. मग कळलं की इथे लोक थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की शेंगदाणा तेलात तळतात आणि त्यात दरवर्षी कोणी ना कोणी घर पेटवतं, तेव्हा तो वास त्यांच्या ओळखीचा. मी नाही म्हणेपर्यंत दुसऱ्याने ड्राइव्हवेवर जाऊन पैठणीतल्या रेखाला तोच प्रश्न विचारला होता, यामिनीवहिनींच्या देखत. जिने जन्मात अंडं घरात येऊ दिलं नाही, तिला!

लोक हसतात तो प्रसंग हा. गुर्जर तर मंडळात साभिनय करून दाखवतात, टर्कीसकट. पण मला आठवतं ते वेगळंच. सगळं निवल्यावर मी बाहेर गेलो तेव्हा रेखा पायात चप्पल नाही अशी उभी होती, पदर नाकाला धरून. ती मला रागावली नाही, हेच वाईट. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने दोन दिवस भिंती पुसल्या, पडदे धुतले, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याकडचं तिकीट काढलं. ज्या घरात तिला थंडीची भीती वाटत होती, तिथे मी तिला आगीचीही लावून दिली. याची मला शरम वाटते. दुसऱ्या कोणाला हे लिहिलं नसतं.

मात्र आता काळजीचं कारण नाही. इन्स्पेक्टर डॉयल सोमवारी आले, त्यांनी झेंडूचा हार बघितला, टेप लावून भिंतीपासूनचं अंतर मोजलं आणि पेटवायला मनाई करणारं लाल कार्ड टांगून गेले. मग मी सगळी शेगडी पुन्हा सोडवली, तेल खरवडून काढलं, भट्टीचा खास काळा रंग दिला, धूर अडवणारी दाराची दोरी नवी बसवली, फुटक्या विटा बदलल्या. ते तीन बोल्टही मागच्या पत्र्याचे होते, ते त्यांच्या जागी गेले. भिंत छत्तीस इंच लांब हवी होती, ती पस्तीस भरली, म्हणून डॉयल दुसऱ्या खेपेलाही परत गेले. पुन्हा आले तेव्हा साडेछत्तीस भरली आणि त्यांनी सही केली. तो कागद फ्रेम करून लावला आहे. नळाला तापमापक आहे, विषारी वायूचे तीन अलार्म नवीन घेतले (आता एकूण अकरा), अंगणात दोन वर्षं वाळलेलं ओकचं लाकूड रचून ठेवलं आहे. आता मी रोज संध्याकाळी शेगडीसमोर खुर्ची टाकून बसतो, तास दीड तास कसा जातो कळत नाही. वादळ येवो, वीज जावो, हे घर पुरतं सज्ज आहे. तेव्हा खालच्या खोलीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा ही विनंती. मालिनीवहिनींना नमस्कार, तुम्ही तब्येतीला जपा, आणि बर्फ स्वतः उपसायला जाऊ नका.

तुमचा,
नरेंद्र

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. तुम्ही बारकाईने वाचणारे, म्हणून लिहितो. रोज संध्याकाळी शेगडीसमोर बसतो असं मी म्हटलं आहे आणि ते खरं आहे. ती पेटलेली असते असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फर्नेस चालू असते आणि अंगात स्वेटर असतो.

ता. क. २. डॉयलची सही होऊन बारा दिवस झाले. रोज मी आत कागद चुरगाळून ठेवतो, त्यावर काटक्या, त्यावर लाकूड, आणि दार लावून घेतो. दादा, मला पेटवायची भीती वाटते. काही बिघडेल याची नाही, सगळं तीनदा तपासलं आहे. एकट्यासाठी पेटवली आणि छान पेटली, तर मग हे एकट्याचं घर झालं, असं वाटतं. चुकीचं असेल, पण वाटतं.

ता. क. ३. हे पत्र रेखाला दाखवू नका. तिला परत जा असंही म्हणू नका, तुम्ही म्हणालात की ती विचार करते, आणि विचार केला की राहते. फक्त चहाच्या वेळी सहज सांगा, की नरेंद्रला काड्यापेटी सापडत नाहीये. ती तिथूनच सांगेल, देवघराच्या खणात डावीकडे. तुम्ही म्हणा, तिथे नाही म्हणतो. स्वयंपाकघर सांगेल, तिथेही नाही म्हणा. एकतीस वर्षांत मला या घरात जे सापडलं नाही, ते शोधायला ती हातातलं काम टाकून उठून आलेली आहे, येईल. काड्यापेटी माझ्या खिशात आहे.