बाभळीतले खिळे

१२ जाने.
मशीन उभं राहिलं एकदाचं. चार दिवसांत करतो म्हणालो होतो, अकरा लागले. त्यात एक दिवस विहिरीत पडलेला मोर काढण्यात गेला. एक दिवस शिरूरला बेअरिंग आणायला गेलो आणि बैलबाजार बघत बसलो. बेअरिंग दुसऱ्या दिवशी.
गोठ्यामागं रूळ टाकले. वर गाडा, त्यावर जुन्या चारचाकीची दोन चाकं, चाकांवरून करवतीचा पट्टा फिरतो. इंजिन विहिरीवरच्या पंपाचं. ओंडका जागेवर, करवतच त्याच्यावरून चालत जाते. आई म्हणाली, "ह्ये काय, इमान हाय का?"
अक्काला फोन केला. वरवंडच्या तिच्या नव्या घराची चौकट मीच देणार. आपल्या बांधावरची बाभूळ गेल्या वळवाच्या वाऱ्यात पडली, तिची. १० फेब्रु.ला चौकटीचा मुहूर्त.
ती हसली. "सोपाना, तू कर बाबा. मी आपलं सुतारालाबी सांगून ठिवते."
मी काय काय अर्धं सोडलं ते तिला तोंडपाठ. आयटीआय, कारेगावची कंपनी, गोव्यातलं हॉटेल. ही चौकट मात्र सोडणार नाही. लिहून ठेवतो.

१४ जाने. संक्रांत
आईनं मशीनला हळदकुंकू वाहिलं. ओंडक्याजवळ गेली, तशीच माघारी फिरली.
पहिली फळी. निम्म्यात कर्रर झालं, ठिणग्या, पट्टा तुटून चाकाला गुंडाळला. लाकडात खिळा! बोटभर लांब.
शेजारचे बाळूआप्पा बांधावर बसून बघत होते. बाभूळ पडल्यापासून त्यांचं एकच, बांधावरची हाय, निम्मी माझी.
"काय रं, इमान उतारलं व्हय?"
इमान हा शब्द आई घरात बोललेली. तो आप्पांना कुठून कळला?

१५ जाने.
ओंडका जरा फिरवून दुसरा पट्टा लावला. पुन्हा खिळा. पट्टा गेला. आता एकच उरला.
एक खिळा असता तर म्हणलो असतो, असेल. दोन म्हणजे कुणीतरी ठोकलेत. मी शिरूरला गेलो त्या दिवशी ओंडका एकटाच होता. आप्पा घरी होते. त्यांच्याकडं घणपण आहे.
तीळगूळ द्यायला आले तेव्हा हात बघितले. काही कळलं नाही.

१७ जाने.
ओंडक्याभोवती भुसा पसरला, फळीनं सपाट केला. आलं कुणी तर पाऊल उमटेल.
आईनं विचारलं, "रांगोळी काढतो का?" मी म्हणालो, मुंग्यांसाठी.

१८ जाने.
सकाळी पावलं होती! अनवाणी. बसून नीट बघितली. उजव्या पायाची करंगळी आडवी, म्हणजे आईची. ती रोज धारेला जाते, तिची काय मोजदाद. पण गोठ्याचं दार इकडं नाही. पावलं ओंडक्यापाशी येऊन थांबलेली, टाचा खोल रुतलेल्या.
शेण टाकायला आली असेल.
आप्पांचं एकही पाऊल नाही. हुशार माणूस.

१९ जाने.
मोडक्या स्पीकरचं चुंबक काढलं, दोरी बांधून ओंडक्यावरून फिरवलं. नऊ जागी ओढ जाणवली. खडूनं गोल केले. सगळे एकाच अंगाला. झाड उभं धरलं तर माझ्या खांद्याच्या बरेच खाली.
आप्पा माझ्याहून उंच. मुद्दाम बुंध्याकडं ठोकले असतील. का? संशय येऊ नये म्हणून.

२१ जाने.
चिरलेल्या खिळ्यांचे दोन्ही तुकडे घेऊन कवठ्याला नाना सुतारांकडं. वाटेत कांदाकाढणी चालली होती, तिथं दोन तास गेले. भाकरी, ठेचा मिळाला.
नानांनी एक तुकडा उन्हात धरला. "कधी ठोकला म्हणतोस?"
"ह्याच महिन्यात. शेजाऱ्यानं."
"येडा का काय! ह्ये काळं बघ. बाभळीत लोखंड गेलं की असं काळं पसरतं, पर एका दिसात न्हाई. आन् वर चार बोटं लाकूड चढलंय. हा वीस वरसांच्या अल्याड न्हाई."
दुसऱ्या खिळ्यावर लाकूड कमी चढलेलं. "हा अलीकडचा. सा-सात वरसं."
मग नाना खाली बघत म्हणाले, "ज्याचा पाय घरात ठरत न्हाई, त्याच्या नावानं ठोकायचे पूर्वी. देवऋषी सांगायचे. आपल्या बांधावरचं झाड लागायचं."
चहा अर्धा सोडून निघालो.

२२ जाने.
आप्पांना तोंडावर विचारलं.
"मी? आरं, मला म्हशीची खुंटी सरळ ठोकता येत न्हाई. भुसा पसरून बसला हुतास ते माझ्यासाठी व्हय? मला वाटलं, मुंग्या."
म्हणजे मुंग्यापण कळल्या. घरातलं सगळं तुम्हाला कळतंच कसं, विचारलं.
"तुजी आईच सांगती की बांधावर. तिला दुसरं कोण हाय बोलायला?" मग टोपी काढून डोकं खाजवलं. "शनवारच्या दुपारी यायची हातुडी घिऊन. म्या म्हणायचो, वहिनी, झाडाला काय दुखतंय? तर तोंड फिरवायची."
"मग मला आधी सांगायचं ना!"
"तू इचारलंस कवा? तू नुस्ता माझ्या हाताकडं बघत हुतास."

२३ जाने.
काही केलं नाही. ओढ्याच्या बंधाऱ्यावर बसलो. कुणीतरी चिलापी मासे पकडत होतं.
हिशोब साधा आहे. दादा, म्हणजे वडील, घर सोडून गेले तेव्हा मी तीन वर्षांचा. आता चोवीस. मी पहिल्यांदा पळालो तेव्हा सतरा.

२४ जाने.
आई भाकरी थापत होती. डब्यात नऊ खिळे नेऊन समोर ठेवले. सात सबंध, छिन्नीनं काढलेले. दोन पट्ट्यानं चिरलेले.
बघितले. थापणं थांबवलं नाही.
"चार तुझ्या दादाचे. पाच तुझे."
"दादा तर गेलेच."
"चौथा वाकडा बसला."
खरंच एक वाकडा आहे.
"आन् मी? मीबी जातोच की."
"तू येतोस. दरयेळी येतोस." भाकरी तव्यावर टाकली. "काढायच्या आधी इचारायचंस तरी."
ती रागावलेली की घाबरलेली, कळलं नाही. बाभूळ पडली त्या दिवशी ती जेवली नव्हती. मला वाटलं, सावली गेली म्हणून.
दोन पट्टे गेले तरी बोलली नाही. मशीन बंद पडावं असं वाटत होतं का? का चालावं?

२७ जाने.
दोस्त रव्याचा फोन. बोअरवेलच्या गाडीवर माणूस पाहिजे. कर्नाटकात तीन महिने, जेवण गाडीवर. गाडी दौंडवरून निघणार, फेब्रुवारीच्या मध्यात. "येतो का? तुझ्यासारखा फिरता गडी लागतोय."
बघू म्हणालो. लगेच नाही म्हणालो नाही.
आई चुलीपाशी होती. ऐकलं असेल का?

३ फेब्रु.
शेवटचा पट्टा. खिळ्यांचा भाग बाजूला ठेवला, वरच्या अंगाची बाभूळ घेतली. चुंबक दहादा फिरवलं. दोन उभ्या, एक आडवी, उंबरा. लालसर निघालं लाकूड, वास गोडसर. आप्पा स्वतः येऊन ओंडका धरायला लागले.
"निम्मी माझी हाय, म्हणून धरतोय."
त्यांची नजर घराकडं जात होती सारखी. त्यांनाही काही माहीत आहे जे मला नाही, असं वाटतं. का मला आता सवयच लागली?

९ फेब्रु.
नानांनी सांधे करून दिले. टेम्पोतून न्हावऱ्यावरून वरवंड. पारगावच्या पुलावर भीमा बघायला उतरलो, ड्रायव्हर ओरडला.
अक्काच्या भिंतीला दुसरी चौकट टेकवून ठेवलेली. सुताराची. रंगसुद्धा मारलेला. माझी तिच्या शेजारी टेकवली.

१० फेब्रु.
अक्कानं बाभळीचीच लावली. तिच्या सासूनं उंबऱ्यावरून हात फिरवला, "खिळा न्हाई ना कुठं?" म्हणाली. सगळ्यांना कळलंय म्हणजे.
नारळ फुटला. अक्का रडली, मग मला म्हणाली, "आता ह्या दारातनं पळून दाव."

१२ फेब्रु.
घरी. रव्याचा मेसेज, गाडी सोमवारी.
अंगणातल्या कडुलिंबात खिळा आहे.
वरवंडला जाताना नव्हता. अर्धाच ठोकलाय, अर्धा बाहेर. डबा काढून खिळे मोजले. आठ. वाकडा होता तो नाही. झाडातला जवळून बघितला. ठोकून ठोकून सरळ केलेला, मधे घाव दिसतात.
"आई, ह्ये तू?"
"मी न्हाई."
"मग कोण?"
"आसल कुणी." भांडी घासत राहिली.
बांधावरून आप्पा बघत होते. मी बघितल्यावर म्हशीकडं वळले.
झाडाखाली मातीत पावलं शोधली. अंगण आत्ता दुपारी झाडलेलं. नेहमी ती अंगण सकाळी झाडते.

१३ फेब्रु.
पक्कड घेऊन झाडापाशी गेलो. अर्धा बाहेर आहे, एका झटक्यात येईल. हातोडीपण तिथंच पडलेली, कुणी ठेवली माहीत नाही.
रव्याचा फोन दोनदा वाजून गेला.
हातोडी उचलली. पक्कडपण हातात होती. आई दारात उभी होती, माझ्याकडं बघत नाही असं दाखवत होती. मी पक्कड खाली ठेवली.